बोलायचा दिवा

आमच्या घरात अंधार झाला की बोलणं बंद. वीज गेली की मी काडेपेटी शोधायची, मेणबत्ती पेटवायची, ती स्वतःच्या हनुवटीखाली धरायची आणि मग विचारायचं, "जेवायचं का?" माझी धाकटी बहीण एकदा राहायला आली होती, तिने हा प्रकार पाहिला आणि हातातलं भांडं टाकलं. म्हणाली, ताई, मला वाटलं भूत. म्हटलं, भूत नाही बाई, मी नवऱ्याशी बोलतेय.

आमच्या यांना ऐकू येत नाही. जन्मापासूनचं नाही. लेक रांगत होती तेव्हा यांना मेंदूज्वर झाला, त्यात जीव वाचला आणि कान गेले. कानाला मशीन लावून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. बोलतात मात्र तुमच्या-आमच्यासारखं. फक्त स्वतःचा आवाज स्वतःला कळत नाही, त्यामुळे एकतर कुजबुज नाहीतर दवंडी. दवंडी सुरू झाली की मी तळहात खाली दाबते, की ते आवाज खाली आणतात. घरात, दवाखान्यात, नातेवाइकांत, कुठेही आमचं हे चालतं.

माझं बोलणं ते तोंडावरून वाचतात. लोक म्हणतात ओठ वाचतात. पण नुसत्या ओठांत काय ठेवलंय? निम्मे शब्द ओठांवर सारखेच दिसतात. बाकीचं काम भुवया करतात, कपाळ करतं, आणि नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जी रेघ येते ना, ती करते. प्रश्न असेल तर भुवया वर. खरा राग असेल तर दोन भुवयांच्या मध्ये आठी. आणि थट्टा असेल तर मी तोंडाचा उजवा कोपरा खाली ओढायची, की तिथली रेघ खोल जायची आणि हे माझं वाक्य संपायच्या आत हसायला लागायचे. तुमच्या बायकोचा आवाज जसा तुम्हाला शेजारच्या खोलीतून ओळखू येतो, तसा यांना माझा आवाज त्या रेघेत दिसायचा.

हे वेताच्या खुर्च्या विणतात. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बसून, भिजवलेल्या वेताच्या पट्ट्या मांडीवर घेऊन. हात चालू, डोळे माझ्यावर. जेवायच्या टेबलाशी माझी खुर्ची खिडकीकडे तोंड करून, कारण उजेड माझ्यावर पडायला हवा. संध्याकाळसाठी यांनी भिंतीत एक वाकडी नळी ठोकून तिच्या टोकाला दिवा लावलाय, तो बरोब्बर माझ्या तोंडावर येतो. त्याचं नाव बोलायचा दिवा. काही सांगायचं असलं की म्हणणार, "अगं, बोलायचा दिवा लाव." उन्हाळ्यात त्या दिव्याखाली बसून माझा जीव जायचा, पण बसायची. भांडायचं असलं तरी आधी दिवा लावायचा आणि मग भांडायचं. असं भांडण फार वेळ टिकत नाही, सांगून ठेवते.

वीस-बावीस वर्षं मी असं बोलले. तोंड फाडून, भुवया नाचवून, प्रत्येक शब्दाला नाटक करून. त्याचा हिशेब चेहऱ्यावर दिसायला लागला. माझी बहीण माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान, पण लोक विचारतात, या तुमच्या आई का?

मी चष्म्याच्या दुकानात कामाला. फ्रेम दाखवायची, नाकावर नीट बसते का ते बघायचं, दांडी गरम करून कानामागे वाकवून द्यायची. दिवसभर माणसांच्या तोंडासमोर तोंड धरून बसायचं काम. आणि चष्म्याचं दुकान म्हणजे काय, जिकडे बघाल तिकडे आरसे. गिऱ्हाइकाला आरसा दाखवावा तर त्याच्या खांद्यावरून माझंच तोंड माझ्याकडे बघतंय. आठी पडलेलं, कोपरे उतरलेलं, सदा कुणावर तरी चिडलेलं. एकदा एका आईबरोबर आलेल्या लहान मुलीने तिला विचारलं, "या काकू आपल्याला का रागावल्यात?" मी हसून दाखवलं. तर ती पोर आईच्या मागे लपली.

मग दुकानात दोन नव्या मुली आल्या. कानामागून आल्या आणि तिखट झाल्या. त्यांना फ्रेमचा नंबर वाचता येईना, पण चेहरे गुळगुळीत, हसल्या की गिऱ्हाईक आपोआप दोन फ्रेम जास्त बघायचं. मालक वाईट माणूस नाही. त्यांनी मला आतल्या बाजूला बोलावून सांगितलं, "बाई, तुमच्यासारखा हात कुणाचा नाही. तुम्ही मागे बसा, दुरुस्तीच्या टेबलावर. गिऱ्हाईक जरा... बिचकतं तुम्हाला." म्हणजे ज्या काउंटरला मी इतकी वर्षं वाहिली तिथून मला उचलून स्क्रू पिळायला बसवलं, ते माझ्या तोंडामुळे. हात चांगला, तोंड वाईट. घरी येऊन मी यांना काही सांगितलं नाही. सांगायचं तर त्याच तोंडाने सांगावं लागलं असतं.

त्वचेच्या दवाखान्याची पाटी मी रोज येता-जाता बघत होते. एक दिवस जिना चढले.

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. चेहरा इस्त्री केल्यासारखा. त्यांनी मला उंच खुर्चीवर बसवलं आणि हातात आरसा दिला. जन्मभर लोकांना आरसा धरून दिला, आज मला कुणीतरी धरायला दिला.

"काय नको आहे तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"राग."

"राग येतो का खूप?"

"येतो की. पण तो माझ्यापाशी राहू दे. तोंडावर नको."

त्या हसल्या. बाई चांगल्या होत्या, गळ्यात काही मारत नव्हत्या. नीट समजावून सांगितलं. एक जेल असतं, ते त्वचेखाली भरायचं, की खोल गेलेली रेघ वर येते. वर्षभर टिकतं, मग शरीर जिरवून टाकतं. नाहीच आवडलं तर ते विरघळवायचं इंजेक्शन आहे. कपाळाचं औषध वेगळं, ते भरत नाही, तिथले स्नायू काही महिने झोपवून ठेवतं, की आठी पडत नाही आणि भुवया फार हलत नाहीत. त्याला मात्र उतारा नाही, आपोआप उतरेपर्यंत थांबायचं. गालात भरता येतं, कानशिलाशी भरता येतं, डोळ्यांखाली भरता येतं. "पण पहिल्याच वेळी सगळं करू नका," त्या म्हणाल्या. "दोन जागा निवडा. ज्या तुम्हाला सगळ्यात नकोशा आहेत त्या."

मी आरशात बघितलं. निवडायला वेळ लागला नाही. कपाळाची आठी, आणि नाकापासून ओठापर्यंतच्या रेघा. उजवीकडची जास्तच खोल होती. डॉक्टरीणबाईंनी तिच्यावर बोट ठेवलं. "ही एका बाजूला जास्त आहे. तुम्ही एक काम करा, माझ्याशी नेहमीसारखं बोला बघू काहीतरी."

मी बोलले. दुकानाबद्दल, मालकांबद्दल, त्या दोन पोरींबद्दल. त्या बघत राहिल्या.

"तुम्ही शिकवता का? किंवा नाटकात वगैरे काम?"

"नाही. चष्मे विकते."

"मग चेहरा इतका का हलवता? सगळं तोंड वापरता तुम्ही बोलताना."

"सवय," मी म्हटलं.

झालं. एका शब्दात अख्खा संसार गुंडाळून ठेवला. आता कुणी म्हणेल, सांगायला काय झालं होतं? तर ऐका. नवरा बहिरा आहे असं म्हटलं की समोरच्याचं तोंड कसं होतं ते मला पाठ आहे. मान एका बाजूला, भुवया जवळ, ओठ आत. बिच्चारी. नवऱ्याबरोबर राहून मीही तोंडं वाचायला शिकलेच ना. त्या दिवशी मला बिच्चारी व्हायचं नव्हतं. एक तासभर मी फक्त एक बाई होते, जिला बरं दिसायचं होतं.

"घरी बोललात?" त्यांनी शेवटचं विचारलं.

"माझं तोंड आहे," मी म्हटलं.

सुया टोचल्या, दुखलं, थोडं काळंनिळं झालं. हे नेमके खुर्च्या पोचवायला परगावी गेले होते. परत आले तोवर सूज उतरली होती. उरलेल्याला मी दाढ दुखते असं नाव दिलं. यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "गाल बरे दिसतायत. विश्रांती मिळाली वाटतं मी नव्हतो तर." मी हसले. म्हणजे मला वाटलं मी हसले.

दुकानात मात्र जादू झाली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मालकांनी दोन दिवस नुसतं बघितलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाई, आज गर्दी आहे, जरा पुढे या." पुढे गेले ती पुढेच राहिले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी फ्रेम निवडायला अर्धा तास घेतला, मी एकदाही चिडले नाही असं ते मालकांना सांगून गेले. मी आतून चिडले होते हो. पण बाहेर पाटी कोरी. आरशात स्वतःकडे बघायची मला चटक लागली. बहीण म्हणाली, तू आता माझी धाकटी. हे ऐकायला मी किती वर्षं थांबले होते.

घरी काय चाललंय ते माझ्या लवकर लक्षात आलं नाही.

आमची एक ठरलेली थट्टा होती. हे काम करताना पट्टी तोडून ठेवतात, पाणी सांडतात, मग मला हाक. मी पुसत पुसत म्हणायची, "मी म्हणून टिकले. दुसरी असती तर केव्हाच पळून गेली असती." हे म्हणताना उजवा कोपरा खाली. आणि यांचं उत्तर ठरलेलं, "शेवटची गाडी अजून जायचीय, पळ." आणि मग दोघं हसायचो. वर्षानुवर्षं तेच. पाणी सांडलं नाही तर मला चुकल्यासारखं व्हायचं.

त्या संध्याकाळी पाणी सांडलं. मी बोलायच्या दिव्याखाली फडकं घेऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मी म्हणून टिकले. दुसरी असती तर केव्हाच पळून गेली असती."

हे हसले नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. हातातली पट्टी खाली ठेवली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "कंटाळलीस का मला?"

"अहो, थट्टा केली. नेहमीची."

"हो का," ते म्हणाले. पण बघतच राहिले, एखाद्याने बंद दाराकडे बघावं तसं.

शब्द यांना कळत होते. शब्द ओठांवर होते. पण मी ते कसे म्हणतेय ते कळत नव्हतं. कपाळ झोपलेलं, रेघ भरलेली. प्रश्न आणि उत्तर एकच दिसायचं, राग आणि माया एकच दिसायची. मग सुरू झालं, "रागावलीस का?" चहा ठेवला, रागावलीस का? दार लावलं, रागावलीस का? दिवसातून इतक्यांदा विचारल्यावर देवमाणूसही रागावेल. मी खरंच वैतागून म्हणायची, "नाही रागावले." आणि यांना तेही कळायचं नाही की आता मात्र रागावलेय.

एके दिवशी यांनी बोलायच्या दिव्यात मोठा बल्ब आणून घातला. मग नळी आणखी खाली वाकवली. मग माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायला लागले. सकाळी उठून डोळ्यांवर थंड पाणी मारायचे, बराच वेळ. बारीक नक्षीच्या खुर्चीचं काम परत पाठवलं, म्हणाले सध्या नको. मी हे सगळं पाहत होते आणि मला काय वाटलं माहीत आहे? मला वाटलं, यांना संशय आलाय, माझ्या तोंडावर ते काहीतरी शोधतायत. मी म्हटलं, "सारखं काय बघता?" ते म्हणाले, "काही नाही. तूच हल्ली नीट दिसत नाहीस." मी ते टोमण्यासारखं घेतलं. आपल्या मनात चोर असला की असं होतं.

आमच्या दुकानात डोळे तपासायला एक काका बसतात. काचेचं दार असलेली छोटी खोली, समोर अक्षरांची पाटी. त्या दुपारी मी जेवायला बाहेर गेले होते आणि लवकर परत आले. दुकानात शिरले तर सगळे थबकलेले. गिऱ्हाइकं, त्या दोन पोरी, मालक, सगळे त्या खोलीच्या दाराकडे बघत होते. आतून दवंडी येत होती.

"खरं सांगा मला, लपवू नका. डोळे जाणार आहेत का माझे?"

काकांनी कागदावर काहीतरी लिहून दाखवलं असावं.

"नाही कसं? मला कान नाहीत हो. डोळे गेले तर मी बायकोशी बोलणार कसा? ती जेवायला गेलीय तोवर सांगा. तिला कळू द्यायचं नाही मला."

मी तिथेच, फ्रेमच्या कपाटापाशी उभी राहिले. आत काकांनी पाटीवर काठी लावली असणार, कारण हे अक्षरं वाचायला लागले. वरपासून खालपर्यंत. मुंगीएवढी शेवटची ओळसुद्धा न अडखळता वाचली. आणि मग दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाले, "हे सगळं दिसतंय. मग तिचं तोंड का वाचता येत नाही मला?"

एकेक करून सगळे माझ्याकडे वळले. माझ्या आत काय झालं ते मला सांगता येणार नाही. बाहेर मात्र काहीच झालं नाही. समोर आरसा होता, त्यात मी पाहिलं. आरशातली बाई शांत, प्रसन्न, दुसऱ्या कुणाच्या तरी नवऱ्याचं ऐकत उभी होती.

मी आत गेले आणि तळहात खाली दाबला. हे मला बघून इतके दचकले की उठून उभे राहिले. मी यांना मागच्या दुरुस्तीच्या खोलीत नेलं, दिव्याखाली बसवलं आणि सांगितलं. सुया, जेल, कपाळाचं औषध, सगळं. बोटाने रेघा काढून दाखवल्या, कुठे कुठे ते.

ते माझ्या बोटामागून एकेक रेघ बघत गेले. मग विचारलं, "का पण?"

आता इथे मी नीट बोलायला हवं होतं. पण दुकानभर शोभा झाली होती, मला रडू येत होतं, आणि रडणंही तोंडावर उमटत नव्हतं. माझी जीभ सुटली. "का म्हणजे? इतकी वर्षं तोंड वेडंवाकडं करून बोलतेय तुमच्याशी. त्याच्याच रेघा पडल्या या. लोक मला रागीट म्हणतात, म्हातारी म्हणतात, काउंटरवरून उठवतात. दुसऱ्या बायका नुसतं बोलतात. मला नाटक करावं लागतं."

हे बोलताना मी यांचा हात घट्ट धरला होता. पण यांनी शब्द वाचले. शब्दांच्या मागचं काही दिसायला जागाच ठेवली नव्हती मी.

"माझ्यामुळे पडल्या?" त्यांनी विचारलं.

"मग कुणामुळे?"

त्यांनी मान हलवली. एकदा, दोनदा. मग माझ्या हातावर थोपटलं आणि हसले. "म्हणजे डोळे ठीक आहेत तर," ते म्हणाले. "मी उगाच घाबरलो." आणि टोपी घालून घरी निघून गेले. मालकांनी मला सुट्टी देऊ केली, ती मी घेतली नाही. उरलेला दिवस मी लोकांना फ्रेम दाखवल्या आणि कुणाला काही कळलं नाही.

त्याच आठवड्यात मी पुन्हा तो जिना चढले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतकं छान बसलंय, का काढता?" या वेळी मी सांगितलं. त्यांनी हातातली सुई खाली ठेवली. मला वाटलं आता मान एका बाजूला, भुवया जवळ. पण नाही. त्या चिडल्या. "हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर मी तुमच्या तोंडाला हात लावला नसता," म्हणाल्या. मला बरं वाटलं. माझ्यावर कुणीतरी चिडायलाच हवं होतं, आणि घरी कुणी चिडत नव्हतं.

जेल विरघळलं. उजवीकडची रेघ दोन दिवसांत परत आली, हाकललेलं मांजर मागच्या दाराने यावं तशी. कपाळ मात्र झोपलेलंच होतं. ते जागं होईपर्यंत थांबणं आलं. मी यांना हातवारे करून सांगितलं, काढून टाकलंय, थोडे दिवस धीर धरा. ते म्हणाले, "कशाला काढलंस? छान दिसत होतीस."

लेक दुसऱ्या गावी नोकरी करते. ती पुढच्या सुट्टीत आली आणि आल्या आल्या बापाचा फोन घेऊन बसली. त्यात तिने काहीतरी घातलं. आपण बोललो की फोनच्या पडद्यावर अक्षरं उमटतात, मोठी, ठळक, लगेच. मला वाटलं तिचंच डोकं. तर ती म्हणाली, "बाबांनीच मागितलं. मला निरोप टाकला होता, असं काही असतं का म्हणून. बरं झालं की आई. सुंठीवाचून खोकला गेला. आता तुला तोंड वेडंवाकडं करायला नको."

शब्द माझेच होते. बापाने लेकीपर्यंत पोचवले होते.

"तू आता नुसती बोल," हे मला म्हणाले. फोन खुर्चीच्या हातावर टेकवून ठेवला होता, यांच्याकडे तोंड करून. "नुसती. इतर बायका बोलतात तशी. तोंडाला त्रास देऊ नकोस."

आणि खरंच सोपं झालं. मी स्वयंपाकघरातून बोलते, पाठमोरी बोलते, भांडी घासता घासता बोलते. तिकडे फोनवर उमटतं, हे वाचतात आणि उत्तर देतात. "रागावलीस का" विचारत नाहीत आता. चिडले तरी अक्षरं तेवढीच, लाडाने बोलले तरी तेवढीच. दुकानात मी पुन्हा दुरुस्तीच्या टेबलावर आहे. मालकांनी उठवलं नाही, माझी मीच गेले. तिथे आरसा नाही.

हळूहळू कपाळ जागं झालं. एक दिवस दात घासताना भुवया वर गेल्या, दोन्ही, पहिल्यासारख्या. मी मोरीतच उभी राहून सगळं करून बघितलं. प्रश्न, राग, आश्चर्य, थट्टा. रेघ खोल गेली, कोपरा खाली आला. सगळं परत आलं होतं, व्याजासकट. मला इतकं हलकं वाटलं की मी दिवसभर संध्याकाळची वाट बघितली.

संध्याकाळी मी बोलायचा दिवा लावला आणि त्याच्याखाली माझ्या खुर्चीवर बसले. हे विणत होते. फोन खुर्चीच्या हातावर. मी वाट बघितली की कधी वर बघतील. नाही बघितलं. मी पायाने यांच्या भिजवणीच्या भांड्याला हळूच धक्का दिला. पाणी सांडलं.

फडकं घेऊन मी समोर जाऊन उभी राहिले, तोंड उजेडात धरलं, उजवा कोपरा खाली ओढला, जितका ओढता येतो तितका, आणि म्हटलं, "मी म्हणून टिकले. दुसरी असती तर केव्हाच पळून गेली असती."

यांची नजर फोनवर होती. तिथे अक्षरं उमटली. त्यांनी ती सावकाश वाचली.

"खरं आहे," ते म्हणाले. "फार सोसलंस तू."

मी यांच्या गुडघ्यावर हात ठेवून हलवलं. म्हटलं, अहो, इकडे बघा. तेही फोनवर उमटलं, इकडे बघा, आणि यांनी ते वाचलं. मग क्षणभर माझ्याकडे बघितलं, पण चोरट्यासारखं, दुसऱ्याच्या ताटात बघावं तसं. "नको गं," म्हणाले. "पुन्हा रेघा पडतील. झालं तेवढं पुरे झालं माझ्यामुळे." असं म्हणून उठले आणि हात वर करून दिवा बंद केला. "हा कशाला आता उगाच जळतोय."

खोलीत अंधार झाला. फक्त फोनचा पडदा उजळलेला, आणि त्याच्यावर वाकलेलं यांचं कपाळ.

"बोल," ते म्हणाले. "काय म्हणत होतीस?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांचे कान गेल्यापासून आम्ही अंधारात कधी बोललो नव्हतो. आता बोलता येत होतं. मला काही सुचेना.

"जेवायचं का?" मी विचारलं.

पडद्यावर उमटलं. "हो, वाढ," ते मोठ्याने म्हणाले, शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मी तळहात खाली दाबला. अंधारात तो यांना दिसला नाही.